किती विमाने, किती वैमानिक?

२०२० सालचा एप्रिल महिना. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या आणि संध्याकाळी पेणमधली मुले गच्च्यांवर असत. एरवी मुंबईकडे उतरणारी किंवा मुंबईहून दक्षिणेला निघालेली विमाने आमच्या डोक्यावरून जातात. त्यांची इतकी सवय झालेली की कोणी मान वर करून पाहत नाही. पण त्या महिन्यात आकाश रिकामे होते. आंतरराष्ट्रीय विमाने मार्चमध्ये त्याआधीच थांबली होती. देशांतर्गत विमाने २५ मार्चला बंद झाली, ती २५ मेपर्यंत. "सर, ती सगळी विमाने आता कुठे आहेत?" असे एकाने फोनवर विचारले होते. विमानतळावर ओळीने उभी आहेत, एवढे उत्तर मी दिले. ती विमाने चालवणारी माणसे कुठे आहेत आणि काय विचार करीत आहेत, हे त्याने विचारले नाही आणि मलाही सुचले नाही.

तो प्रश्न माझ्यापुढे आला अलीकडे, आणि वेगळ्याच वाटेने. रोह्याहून पॅसेंजर गाडीने पेणला शिकायला येणारा बारावीचा एक मुलगा आपल्या वडिलांना घेऊन भेटायला आला. वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात पाळीवर ऑपरेटर आहेत. मुलाला वैमानिक व्हायचे होते. नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात, उलव्याला झाला आहे आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. तेव्हा ही इच्छा आता आमच्या भागात नवलाची राहिलेली नाही. वडिलांचा प्रश्न मात्र नेमका होता. "सर, प्रशिक्षणाला पन्नास लाखांच्या पुढे खर्च सांगतात. घरावर कर्ज काढावं लागेल. मध्येच मंदी आली, कंपन्यांनी माणसं काढली, तर? आमच्या कारखान्यात कोण जाणार हे आम्हाला आधी कळतं. यांच्यात कळतं का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. मंदी आली की वैमानिकांच्या विश्रांतिकक्षात तर्कवितर्क सुरू होतात. कोणते विमान जाणार, कोणते राहणार, यादीत कोणत्या क्रमांकापर्यंत कुऱ्हाड पडणार, अशी चर्चा चालते. बाहेरून या निव्वळ वावड्या वाटतात. पण त्यांतला मोठा भाग सरळ अंकगणिताचा असतो, आणि ते अंकगणित धाटावच्या ऑपरेटरला आधीपासून येते.

कारखान्यातला एखादा संयंत्रविभाग चोवीस तास चालवायचा असेल तर एका जागेवर किती माणसे लागतात? तीन पाळ्या म्हणून तीन, असे मुले सांगतात. हिशेब करून पाहू. आठवड्याचे तास १६८. एक कामगार आठवड्याला ४८ तास काम करतो. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. शिवाय रजा, आजारपण, सण. म्हणून एका खुर्चीमागे चार किंवा त्याहून थोडी जास्त माणसे ठेवावी लागतात, त्यांना कारखान्यात 'रिलीव्हर' म्हणतात. विमानाची खुर्चीही अशीच आहे. कमी अंतरावर उडणारे, १८० आसनांचे विमान चांगल्या दिवसांत रोज सुमारे १२ तास हवेत असते. देखभालीचे दिवस वगळून वर्षाचे ३५० दिवस धरले तर ४,२०० तास झाले. भारतातल्या नियमानुसार एका वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. रजा, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, राखीव म्हणून घरी बसून काढलेले दिवस हे सारे वजा केले की प्रत्यक्षात ७५० तास धरणे बरे. ४,२०० भागिले ७५०, म्हणजे ५.६. समोर खुर्च्या दोन, कप्तानाची आणि सहवैमानिकाची. म्हणून एका विमानामागे साधारण अकरा ते बारा वैमानिक. लांब पल्ल्याच्या विमानात विश्रांतीसाठी तिसरा, चौथा वैमानिक लागतो. तिथे हा आकडा दुप्पट होऊ शकतो.

हे गणित उलटे वाचले की अफवेचे मूळ कळते. भाड्याने घेतलेली दहा विमाने कंपनी परत करणार अशी बातमी आली, तर वैमानिक मनातल्या मनात '११०' हा आकडा वाचतो. विमाने तेवढीच राहिली पण रोजच्या १२ तासांऐवजी ९ तास उडू लागली, तरी परिणाम तोच. एक चतुर्थांश वैमानिक जास्तीचे ठरतात. महिन्याच्या वेळापत्रकात आपले उड्डाणतास ७० वरून ५० वर आले की कंपनीने काही जाहीर करण्याआधीच वैमानिकाला परिस्थिती समजते.

भारतात अशी वेळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधीचा ताफा बोटांवर मोजण्याइतका होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन मद्रासकडे गेले, तेव्हा कंपनीकडे एका इंजिनाची दोन 'पस मॉथ' विमाने होती. वैमानिक तितकेच थोडे. पावसाळ्यात जुहूला चिखल झाला की सगळा कारभार पुण्याला हलवायचा. अशा धंद्यात कपातीची अफवा उठायला माणसेच नव्हती.

युद्ध संपले आणि चित्र पालटले. युद्धासाठी अमेरिकेने 'डाकोटा' विमाने हजारोंनी बांधली होती. आता ती नको झाली. त्यांतली बरीच भारतातच पडून होती, ती स्वस्तात विकली गेली आणि बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात प्रवासी विमाने म्हणून तयार होऊ लागली. हवाई दलातून मोकळे झालेले वैमानिक हाताशी होतेच. ज्याच्याजवळ थोडे भांडवल होते त्याला वाटले, आपणही विमान कंपनी काढावी. परवाने मिळाले, एकाच मार्गावर दोन-दोन कंपन्या उडू लागल्या. प्रवासी मात्र तेवढेच. तिकीट परवडणारी माणसे या देशात तेव्हा मूठभर होती, आणि इंधनावरचा कर व विमानांची देखभाल स्वस्त नव्हती. विमान स्वस्तात मिळाले म्हणजे धंदा स्वस्तात होतो असे नव्हे, हा धडा त्या काळात अनेकांनी घरचे पैसे घालून घेतला. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्या बंद पडल्या.

सरकारने मग १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली हवाई वाहतूक चौकशी समिती नेमली. समितीने वाहतूक किती, विमाने किती, खर्च किती हे तपासून सांगितले की देशातल्या वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, चार पुरेत. राष्ट्रीयीकरण निदान पाच वर्षे पुढे ढकलावे आणि कंपन्यांनी आपसात विलीन व्हावे, असा तिचा सल्ला होता. कंपन्या आपणहून एकत्र आल्या नाहीत. मालक म्हणून ते समजण्यासारखे आहे. प्रत्येकाला दुसरा आधी बुडेल असे वाटत होते.

मधल्या काळात एक सुंदर प्रयोग मात्र झाला आणि तो आपल्या नागपूरला झाला. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री चार डाकोटा निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने परत आपापल्या शहरी. भूगोलाच्या शिक्षकांना नकाशावर हे दाखवता येईल. नागपूर देशाच्या मध्यावर आहे या पाठातल्या वाक्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, दिवसा उडून रात्री उभे राहणारे विमान आता रात्रीही उडू लागले. म्हणजे नवे विमान न घेता वैमानिकांना काम मिळाले. ताफा आणि माणसे यांचे प्रमाण दोन्ही बाजूंनी बदलता येते ते असे.

अखेर २८ मे १९५३ रोजी हवाई महामंडळांचा कायदा झाला आणि १ ऑगस्टपासून आठ कंपन्या मिळून 'इंडियन एअरलाइन्स' उभी राहिली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 'एअर-इंडिया इंटरनॅशनल' वेगळी. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे बालपण रोह्यात गेले. जे. आर. डी. टाटांचा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता, तरी पुढे पंचवीस वर्षे ते एअर-इंडियाचे अध्यक्ष राहिले. नव्या महामंडळाच्या वाट्याला ९९ विमाने आली. त्यांत ७४ डाकोटा, १२ 'व्हायकिंग', ३ 'डीसी-४' आणि बाकी किरकोळ. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याची तरतूद कायद्यात होती, म्हणून वैमानिक रस्त्यावर आले नाहीत. पण आठ कंपन्यांच्या आठ ज्येष्ठता याद्यांची एक यादी करायची म्हणजे काय, याचा विचार शिक्षकांना सहज करता येईल. दोन शाळांचे विलीनीकरण झाल्यावर मुख्याध्यापक कोण, हा प्रश्न ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

ज्येष्ठता यादी हा वैमानिकांच्या आयुष्यातला कळीचा कागद आहे. कप्तान कधी होणार, मोठे विमान कधी मिळणार आणि कपात झाली तर आधी कोण जाणार, हे बहुतेक कंपन्यांत त्यावर ठरते. पण यादी एकटी पुरेशी नाही. तिच्या जोडीला आहे परवान्यावर नोंदलेला विमानाचा प्रकार. एसटीचा चालक एका बनावटीची बस सोडून दुसरीवर दुसऱ्या दिवशी बसू शकतो. वैमानिकाला तसे करता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळा अभ्यास, सिम्युलेटरवर काही आठवड्यांचे प्रशिक्षण, मग जाणत्या कप्तानाबरोबर प्रत्यक्ष उड्डाणे, तेव्हा कुठे त्या प्रकाराची नोंद परवान्यावर होते. म्हणून मंदीत "किती माणसे जाणार" याच्या आधी "कोणते विमान जाणार" हा प्रश्न येतो.

याचे उदाहरण १९९० साली दिसले. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये नवे 'एअरबस ए-३२०' आणले होते. त्यात संगणकामार्फत नियंत्रण होते आणि वैमानिकासमोरच्या मोठ्या दांड्याऐवजी बाजूला छोटी दांडी होती. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगलोरला गेलेले असे एक विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि ९२ जण मेले. सरकारने या प्रकारची सगळी विमाने काही महिने जमिनीवर उभी केली. त्यांसाठी खास शिकलेले वैमानिक हातावर हात ठेवून बसले आणि ज्यांनी जुने 'बोइंग ७३७' सोडले नव्हते त्यांना जादा काम आले. आदल्या वर्षी नव्या विमानासाठी निवड होणे हे भाग्य होते. वर्ष फिरायच्या आत ते उलटे ठरले.

काही वेळा विमान राहते आणि खुर्चीच जाते. १९५० च्या दशकातल्या एअर-इंडियाच्या 'सुपर कॉन्स्टेलेशन' विमानात पुढे वैमानिकांबरोबर रेडिओ अधिकारी, मार्गनिर्देशक आणि उड्डाण अभियंता असे. आवाजातून थेट बोलण्याइतका रेडिओ चांगला झाला तेव्हा पहिला गेला. १९७१ मध्ये आलेल्या 'जंबो'त, म्हणजे 'बोइंग ७४७' मध्ये, आपली जागा स्वतः मोजणारे यंत्र होते. ताऱ्यांवरून मार्ग काढणाऱ्या माणसाची गरज संपली. उड्डाण अभियंता उरला होता. १९९३ मध्ये जंबोची नवी आवृत्ती आली, तीत त्याची खुर्चीच ठेवलेली नव्हती. यांपैकी कोणी काम वाईट केले म्हणून गेला नाही.

नव्वदीच्या दशकाने मुंबईला आणखी एक धडा दिला. हवाई क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले होऊ लागले. ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट या कंपन्या मुंबईतच सुरू झाल्या. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक मोठ्या संख्येने जास्त पगारावर तिकडे गेले. ज्येष्ठता सोडून जायचे, की राहायचे? १९९७ संपेपर्यंत ईस्ट-वेस्ट बंद पडली होती, दमानिया विकली जाऊन नाव बदलून नंतर थांबली होती, मोदीलुफ्त संपली होती. जेट टिकली. १९९३ साली हे कोणालाही खात्रीने सांगता आले नसते. ज्यांनी जेट निवडली त्यांना नंतर दूरदृष्टीचे म्हटले गेले, इतकेच.

आता मंदीत मोठे विमान आधी का जाते ते पाहू. आकडे काल्पनिक घेतो, तर्क खरा आहे. १८० आसनांच्या विमानाच्या एका फेरीला १० लाख रुपये खर्च येतो आणि ३०० आसनांच्या विमानाला १४ लाख. दोन्ही भरलेली असतील तर दर माणशी खर्च लहान विमानात ५,५५६ रुपये आणि मोठ्यात ४,६६७ रुपये. मोठे विमान स्वस्त. आता मंदी आली आणि १२०च प्रवासी मिळाले. लहान विमानात दर माणशी ८,३३३, मोठ्यात ११,६६७. म्हणजे चांगल्या दिवसांत जे विमान कंपनीला सर्वांत जास्त मिळवून देते, तेच वाईट दिवसांत सर्वांत जास्त बुडवते. पेणच्या गणपतीच्या कारखानदारांना हे समजावून सांगावे लागत नाही. २०२० च्या जुलैमध्ये सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंत अशी मर्यादा घातली, तेव्हा आधीच घडवून ठेवलेल्या उंच मूर्ती तशाच राहिल्या. लहान मूर्ती खपल्या. त्याच जुलैत ब्रिटिश एअरवेजने आपली सगळी, म्हणजे ३१ जंबो विमाने कायमची निवृत्त केली.

मोठे विमान गेले की त्याचे वैमानिक आपोआप घरी जातात असे मात्र नाही. तेच तर यादीत वर असतात. ते मधल्या विमानावर येतात, मधल्या विमानाचे लहानावर ढकलले जातात, लहान विमानाचा सहवैमानिक बाहेर पडतो. गाडीच्या डब्यात पुढून धक्का बसला की शेवटच्या माणसाला दार लागते, तसे. या साखळीत प्रत्येकाला नव्याने प्रशिक्षण द्यावे लागते आणि तेवढे आठवडे तो पगार घेतो पण उडत नाही. त्यामुळे कंपनीचा खर्च कपातीच्या पहिल्या काही महिन्यांत कधीकधी वाढतो. सिम्युलेटरवर कोणाची नावे लागली आहेत हे वैमानिक इतक्या बारकाईने का पाहतात, ते यातून कळेल. साखळी कुठून सुरू झाली ते तिथे आधी दिसते.

नवे विमान येतानाही भांडण तितकेच तीव्र होते. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. पाच वर्षांनी 'बोइंग ७८७ ड्रीमलायनर' येणार होते. ते चालवण्याचे प्रशिक्षण जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार म्हटल्यावर जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी मे २०१२ मध्ये संप केला. तो ५८ दिवस चालला आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर संपला. कंपनी तोट्यात असताना असा संप करणे लोकांना उद्दामपणा वाटला. मलाही तेव्हा तसेच वाटले होते. पण ताफ्यात पुढे काय राहणार हे ज्याला दिसते, त्याला ते प्रशिक्षण म्हणजे पुढल्या वीस वर्षांची नोकरी वाटते. संप योग्य होता असे मी म्हणत नाही. त्यामागचा हिशेब वेडेपणाचा नव्हता.

आता जेट एअरवेज. तिची कथा सविस्तर सांगण्याजोगी आहे. जुलै २००८ मध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला आणि त्यामागोमाग जागतिक मंदी आली. ऑक्टोबरात जेटने सुमारे १,९०० जणांना कामावरून कमी केले. त्यांत बहुतेक नवे, विमानात प्रवाशांची सेवा करणारे तरुण होते. गणवेशातली ती मुले-मुली मुंबई विमानतळाबाहेर निदर्शने करताना देशाने पाहिली, राजकीय पक्ष मधे पडले आणि दोनच दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. पुढल्या वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, संघटना बांधू पाहणाऱ्या दोन वैमानिकांना काढल्यावर शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि पाच दिवस विमाने रद्द झाली. अफवांवर जगण्याऐवजी कंपनीशी समोर बसून बोलता यावे, हे संघटनेमागचे एक कारण होते.

दहा वर्षांनी खरी वेळ आली. २०१८ मध्ये तेल महागले, रुपया घसरला, स्पर्धेमुळे तिकिटांचे दर वाढवता येईनात. पगार थकू लागले. भाडे न मिळाल्याने विमानमालक कंपन्या एकेक विमान परत घेऊ लागल्या. सुमारे १२० विमानांच्या ताफ्यातली किती आज उडाली, हा त्या काळातला रोजचा हिशेब होता. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे तिचे शेवटचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

तिच्या वैमानिकांचे काय झाले, यात आपले सगळे विवेचन एकत्र दिसते. जेटकडे मुख्यतः 'बोइंग ७३७' होती. देशातली दुसरी ७३७ चालवणारी मोठी कंपनी स्पाइसजेट. तिने जेटची काही विमाने आणि त्यांच्याबरोबर वैमानिकही घेतले. इंडिगो आणि गोएअर ए-३२० चालवीत. तिथे जायचे तर नव्याने प्रशिक्षण. मोठे 'बोइंग ७७७' चालवणाऱ्या ज्येष्ठ कप्तानांना भारतात एकच दार होते, एअर इंडियाचे. नाहीतर आखाती देश. याच्या उलट २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली तेव्हा तिच्याकडे ए-३२० च्या जातीची विमाने होती आणि इंडिगो त्याच प्रकारची विमाने घेऊन वाढत होती. किंगफिशरच्या लोकांचे कित्येक महिन्यांचे पगार बुडाले, पण परवान्यावरची नोंद बाजारात चालणारी होती. दोघांचे कौशल्य सारखे, अनुभव सारखा. फरक विमानाच्या प्रकाराचा.

जेटच्या लोकांनी नवी नोकरी धरून वर्ष होते न होते तोच २०२० आले. एअर इंडियाने निवृत्तीनंतर कंत्राटावर ठेवलेल्या सुमारे २०० वैमानिकांचे काम एप्रिलमध्ये थांबवले. जुलैमध्ये इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. इतर ठिकाणी बिनपगारी रजा. आमच्या पेणच्या गच्च्यांवरून आकाश रिकामे दिसत होते, ते हे.

तीन वर्षांत पारडे फिरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुन्हा टाटांकडे गेलेल्या एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली; जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. मेमध्ये गो फर्स्ट ही मुंबईची कंपनी इंजिने मिळेनात म्हणून बंद पडली, पण तिचे वैमानिक इतर कंपन्यांनी चटकन उचलले. त्याच वर्षी अकासा या नव्या कंपनीतले काही वैमानिक सूचनेची मुदत न पाळता सोडून गेले म्हणून कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. कंपनीने वैमानिक जाऊ नयेत म्हणून न्यायालयात जावे, ही २०२० मध्ये कोणी केलेली अटकळ नव्हती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर गंमतच झाली. थकव्यामुळे अपघात होऊ नयेत म्हणून साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा, असे नवे नियम त्याआधीच्या महिन्यांत टप्प्याटप्प्याने लागू झाले होते. आपल्या भागाकारातला ७५० हा छेद लहान झाला, उत्तर मोठे आले, आणि तेवढे वैमानिक इंडिगोकडे नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली. विमाने होती, प्रवासी होते.

हे सगळे मी रोह्याच्या त्या दोघांना पुढल्या भेटीत सांगितले. वडिलांनी धाटावचा हिशेब चटकन लावला, मधे मला थांबवून म्हणाले, "म्हणजे हे आमच्या रिलीव्हरचंच गणित झालं की." मग त्यांनी एक मुद्दा काढला, जो माझ्या लक्षात आला नव्हता. मुलाचे प्रशिक्षण संपून, विमानाच्या प्रकाराची नोंद होऊन तो नोकरीच्या दारात उभा राहायला अडीच-तीन वर्षे लागणार. आज वैमानिक कमी आहेत हे पाहून देशभरातली मुले एकाच वेळी प्रशिक्षणाला जाणार आणि एकाच वेळी बाहेर पडणार. तोवर मागितलेली विमाने वेळेवर आली असतील का? पेणचा कारखानदार दिवाळीनंतर माती मळायला घेतो तेव्हा पुढल्या भाद्रपदाचा अंदाज करतो. इथे तीन भाद्रपदांचा करावा लागेल.

मुलगा ऐकत होता. त्याने वहीत एक तक्ता करायला घेतला आहे. देशातल्या प्रत्येक कंपनीची विमाने, प्रकारानुसार किती, मागवलेली किती, दर महिन्याला प्रत्यक्ष आलेली किती. शेवटच्या रकान्यात तो त्याला बाराने गुणतो. कर्जाचा अर्ज अजून भरलेला नाही.